स्वित्झर्लंडमधील जिम्नॅस्टिक्स क्लब इतके जुने कसे? आराऊ शहराच्या इतिहासातून एक उत्तर

आपण विचारले आहे की, स्वित्झर्लंडमध्ये लहानलहान शहरांतही शंभर-दीडशे वर्षांचे जिम्नॅस्टिक्स क्लब कसे आढळतात आणि एखाद्या शहराच्या व्यायाम मंडळाला सांगण्याजोगा इतिहास असावा इतके त्यात काय आहे. व्यायामाच्या चळवळींचा इतिहास हा माझ्या अभ्यासाचा आणि जिव्हाळ्याचा विषय असल्यामुळे जरा सविस्तर लिहितो. सगळ्या शहरांचे सांगू गेल्यास नुसती जंत्री होईल, म्हणून आराऊ हे एकच शहर घेतो. आज जेमतेम वीस-बावीस हजार वस्ती असलेल्या या शहरात १८३२ मध्ये देशभरातील क्लबांना बांधणारी संघटना जन्माला आली आणि तिचे मुख्य कार्यालय आजही तेथेच आहे. माझे मत आधीच मांडतो. हे क्लब निघाले ते पदकांसाठी नव्हे. स्वित्झर्लंड हे एकसंध राज्य होण्याच्या कितीतरी आधी त्या राज्याचा नागरिक घडवावा, या ध्यासातून ते निघाले.

या चळवळीचे एक मूळ जर्मनीत आहे. फ्रीडरिख लुडविग यान यांनी १८११ मध्ये बर्लिनजवळच्या हासेनहाइडे येथे उघड्या मैदानावर तरुणांना डबलबार, सिंगलबार, घोडा (कसरतीचे लाकडी साधन), दोर आणि उड्या यांचे शिक्षण देण्यास सुरुवात केली. नेपोलियनच्या फौजांनी प्रशिया या जर्मन राज्याचा पराभव केलेला होता आणि यान यांच्या मैदानावर शरीराइतकीच राष्ट्रभावनाही कमावली जात होती. पुढे १८१९ मध्ये या चळवळीशी संबंध असलेल्या कार्ल झांट नावाच्या विद्यार्थ्याने कोत्सेबू या नाटककाराची हत्या केली. सत्ताधाऱ्यांना निमित्त मिळाले, यान यांना अटक झाली आणि प्रशियात सार्वजनिक व्यायामाची मैदाने बंद करण्यात आली. ही बंदी १८४२ पर्यंत टिकली. अनेक तरुण शिक्षक आणि विद्यार्थी सीमा ओलांडून स्वित्झर्लंडमध्ये आले. त्यांपैकी वोल्फगांग मेन्झेल हे आराऊमध्ये शिक्षक झाले. कार्ल फोलेन कूर आणि बाझेल येथे शिकवून पुढे अमेरिकेत गेले आणि त्यांनी बोस्टनमध्ये हीच विद्या रुजवली.

मात्र स्वित्झर्लंडने सर्व काही उसने घेतले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. स्विस शिक्षणतज्ज्ञ पेस्टालोझी यांनी आपल्या शाळेत मुलांच्या शारीरिक शिक्षणाचा विचार यान यांच्या आधीच मांडला होता, आणि बर्नमध्ये क्लियास या व्यायामशिक्षकांनी १८१६ मध्ये व्यायामविद्येवर पुस्तकही प्रसिद्ध केले होते. जमीन नांगरून तयार होती, म्हणूनच बाहेरून आलेले बी तेथे धरले.

आता आराऊच का, हा प्रश्न. आराऊ ज्याची राजधानी आहे तो आरगाऊ प्रांतच मुळी १८०३ मध्ये वेगवेगळे भाग जोडून तयार केलेला. त्याचा एक भाग पूर्वी बर्नच्या सत्तेखाली आणि प्रोटेस्टंट, बाडेन आणि फ्रायआम्ट हे कॅथलिक, तर फ्रिकटाल त्याच्या थोडेच आधीपर्यंत ऑस्ट्रियाच्या ताब्यात. अशा प्रांताला जुनी परंपरा सांगून लोक एकत्र आणणे शक्य नव्हते. नवे काहीतरी उभारावे लागणार होते. आराऊ हे १७९८ मध्ये काही महिने हेल्वेटिक प्रजासत्ताकाची, म्हणजे फ्रेंचांच्या प्रभावाखाली उभ्या राहिलेल्या अल्पकालीन स्विस राज्याची, राजधानी होते आणि उदारमतवादी विचारांचा तेथे चांगलाच जोर होता. चर्चच्या नियंत्रणाबाहेरची प्रांतिक शाळा तेथे १८०२ मध्येच सुरू झाली होती. आइनस्टाइन १८९५-९६ मध्ये शिकले ती हीच शाळा. हाइनरिख चोके यांच्यासारखे लेखक आणि संपादक याच गावात राहून लोकशिक्षण करत होते.

देशाची त्या वेळची स्थिती लक्षात घेतल्याशिवाय पुढचे समजणार नाही. १८४८ पूर्वीचा स्वित्झर्लंड म्हणजे बावीस प्रांतांचा सैलसर संघ होता. प्रत्येकाचे नाणे वेगळे, जकात वेगळी, कायदा वेगळा. सर्वांचे मिळून लोकांनी निवडलेले संसद-सभागृह नव्हते. मग वेगवेगळ्या प्रांतांतील सामान्य माणसे एकमेकांना भेटणार कोठे? उत्तर होते मेळाव्यांत. बंदूकधारी नेमबाजांची देशव्यापी संघटना १८२४ मध्ये आराऊ येथे स्थापन झाली, व्यायाम करणाऱ्यांची १८३२ मध्ये आराऊ येथे, आणि गायक मंडळांची १८४२ मध्ये, तीही आराऊ येथेच. हा योगायोग मला तरी वाटत नाही. राजकीय सभा भरवणे जेथे अवघड होते, तेथे नेम धरणे, कसरत करणे आणि समूहाने गाणे या तीन निमित्तांनी लोक एकत्र येत होते आणि भाषणे करत होते.

१८३२ च्या एप्रिल महिन्यात निरनिराळ्या शहरांतून साधारण साठ तरुण आराऊला जमले. बहुतेक विद्यार्थीच होते. तेथे पहिला संघीय व्यायाम मेळावा झाला आणि संघीय व्यायाम संघटना स्थापन झाली. साठ जणांच्या त्या जमावाकडे पाहून पुढच्या काळाची कल्पना कोणाला आली असेल, असे वाटत नाही. पण संघराज्य जन्माला आले ते त्यानंतर सोळा वर्षांनी, १८४७ च्या यादवी युद्धानंतर. म्हणजे देशाचे संविधान तयार होण्याच्या आधी देशाच्या नावाची व्यायाम संघटना कार्यरत होती! या एका गोष्टीसाठीच हा विषय मला इतका महत्त्वाचा वाटतो.

विद्यार्थ्यांच्या मंडळांतून ही चळवळ हळूहळू कारागीर, दुकानदार, कारकून आणि कामगार यांच्यापर्यंत गेली. अनेक शहरांच्या क्लबांच्या नावात आजही 'ब्युर्गर-टुर्नफेराइन', म्हणजे नागरिकांचे व्यायाम मंडळ, असे शब्द आढळतात. आराऊ आणि लुझर्न येथील क्लबांची नावे अशीच आहेत. आपल्याकडच्या जुन्या तालमीप्रमाणे हे क्लब वस्तीच्या जीवनात मुरलेले असतात: संध्याकाळचा सराव, वार्षिक सभा, क्लबचा ध्वज, वर्गणी, वडिलांनंतर मुलगा सभासद होणे. कामगारांना मात्र या मध्यमवर्गीय मंडळांत नेहमीच आपलेपणा वाटला असे नाही. ग्रुट्ली या कामगार-कारागिरांच्या चळवळीतील लोकांनी १८७४ मध्ये आपली वेगळी व्यायाम संघटना काढली.

त्याच १८७४ मध्ये नव्या लष्करी कायद्याने मुलग्यांना दहाव्या वर्षापासून शाळेत व्यायामाचे शिक्षण देणे प्रांतांवर बंधनकारक केले. या शालेय व्यायामाची पद्धत घडवण्यात आडोल्फ श्पीस यांचा मोठा वाटा होता. त्यांनी १८३३ पासून बुर्गडोर्फमध्ये आणि नंतर बाझेलमध्ये शिकवले. त्यांचे विचार पुढे नेणाऱ्या योहानेस निगेलर यांना स्विस लोक आपल्या व्यायामविद्येचे जनक मानतात, आणि बर्नच्या क्लायने शांझे या उद्यानात त्यांचे स्मारक आहे. कायद्याचा हेतू उघडच सैनिक घडवण्याचा होता. मुलींना त्यातून वगळले गेले आणि संघराज्याच्या कायद्याने त्यांचा शालेय व्यायामावरील हक्क मान्य होण्यासाठी १९७२ उजाडावे लागले. शंभर वर्षांच्या या विलंबाचे समर्थन कोणत्याही युक्तिवादाने होऊ शकत नाही. बायकांनी अर्थातच वाट पाहिली नाही. त्यांनी आपली मंडळे आणि पुढे आपला राष्ट्रीय संघ उभारला. पुरुषांचा आणि स्त्रियांचा संघ एकत्र येऊन आजचा स्विस जिम्नॅस्टिक्स महासंघ झाला तो १९८५ मध्ये.

पदकांचे सांगायचे तर, १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये लुई झुटर यांनी घोड्यावर मिळवलेले सुवर्णपदक हे स्वित्झर्लंडचे पहिलेच. खरा बहराचा काळ म्हणजे १९२८ ते १९५२. अॅमस्टरडॅमला १९२८ मध्ये पुरुषांच्या सात सुवर्णपदकांपैकी पाच स्विस जिम्नॅस्टांनी जिंकली. त्यांत सांघिक विजेतेपद होते, जॉर्ज मीझ यांचे वैयक्तिक अजिंक्यपद होते आणि सिंगलबारवरील त्यांचे सुवर्णपदकही होते. मीझ यांनी १९३६ मध्ये बर्लिनला फ्लोअर प्रकारात पुन्हा सुवर्ण मिळवले. त्याच बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने आपल्या देशी व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखवली होती, हे मराठी वाचकांना येथे आठवावे.

लुझर्नचे योसेफ श्टाल्डर यांचे नाव तर आजही प्रत्येक प्रशिक्षकाच्या तोंडी असते. बारवर हातांवर उलटे उभे राहायचे, खाली येताना दोन्ही पाय फाकवून हातांच्या बाहेरच्या बाजूने बारजवळ घ्यायचे, कंबरेत घडी घालून बारभोवती पूर्ण फेरी मारायची आणि पुन्हा हातांवर सरळ उभे राहायचे, या हालचालीला 'श्टाल्डर' म्हणतात. १९४८ चे सिंगलबारचे ऑलिंपिक सुवर्ण त्यांचे होते आणि दोन ऑलिंपिकमध्ये मिळून त्यांनी सात पदके मिळवली. पुरुषांच्या सिंगलबारवर आणि स्त्रियांच्या असमान बारवर ही हालचाल आजही शिकवली जाते.

तरीही, शहराच्या क्लबचा आत्मा आपल्याला पाहायचा असेल तर तो ऑलिंपिकमध्ये दिसणार नाही. तो राष्ट्रीय व्यायाम मेळाव्यात दिसेल. तेथे मुख्य स्पर्धा क्लबाक्लबांत होते. पंधरा-वीस किंवा त्याहूनही अधिक सभासद एकाच गणवेशात, ओळीने मांडलेल्या डबलबारांवर एकाच क्षणी चढतात, संगीताच्या ठेक्यावर एकत्र झोके घेतात, एकत्र हातांवर उभे राहतात आणि एकत्र उतरतात. गुण मिळतात ते अचूकतेचे आणि एकसारखेपणाचे. त्यात सुतारकाम करणारा, बँकेत बसणारा आणि कॉलेजात शिकणारा शेजारी शेजारी असतो. एकाचा पाय वाकला तर गुण सगळ्यांचेच कमी होतात. समान नागरिकत्वाचे धडे याहून स्पष्टपणे कोणत्या पुस्तकात दिले गेले असतील, मला माहीत नाही. याच मेळाव्यात कुस्ती आणि जड दगड दूर फेकणे असे ग्रामीण स्विस प्रकारही चालतात.

आराऊला हा मेळावा शताब्दीच्या वर्षी, १९३२ मध्ये, परत आला. नंतर १९७२ मध्ये आणि २०१९ मध्ये आरे नदीकाठच्या शाखेन मैदानावर तो पुन्हा झाला. हल्ली तो साधारण सहा वर्षांनी भरतो. २०१३ मध्ये बील येथे वादळाने मंडप कोसळून अनेक जण जखमी झाले, तरी मेळावा पूर्ण करण्यात आला. २०२५ मध्ये तो लोझानला झाला. साठ तरुणांपासून सुरू झालेल्या या संघटनेचे सभासद आज साडेतीन लाखांहून अधिक आहेत, आणि देशाची लोकसंख्या सुमारे नव्वद लाख आहे.

आपण स्वित्झर्लंडला गेलात आणि एखाद्या हँडबॉल किंवा अॅथलेटिक्स संघाच्या नावाआधी 'टी. व्ही.' (टुर्नफेराइन, म्हणजे व्यायाम मंडळ) ही दोन अक्षरे दिसली, तर तो संघ मुळात गावच्या व्यायाम मंडळाची शाखा आहे असे समजावे. आरगाऊ प्रांतातील एंडिंगेन आणि म्योलिन येथील हँडबॉल संघ असेच आहेत. हँडबॉल त्या देशात आला आणि वाढला तो बहुतांशी या मंडळांच्याच सभागृहांत, आणि खेळाडू चेंडू हाती घेण्याआधी ज्या सभागृहात उभे राहत, तेथे भिंतीला लावून डबलबार ठेवलेले असत.