अतीत कोण?

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले. ताळगावच्या वसतिगृहात तुझ्या खोलीतला मुलगा फोनवर आईवर खेकसला, "रोज रोज काय विचारतेस जेवलास का म्हणून!" आणि तू त्याच्या हातातला मोबाईल हिसकावलास. आठवडा झाला, दोघे बोलत नाहीत. माझे चुकले का, असे विचारले आहेस.

हिसकावायला नको होतास. पण त्या क्षणी तुला काय झाले ते मला ठाऊक आहे. तुझ्यासारखीच माझीही आई लहानपणीच गेली, मी सहा वर्षांचा असताना. शाळेत कुणी "आज पुन्हा पेजच दिली आईने" म्हणून कुरकुरले की माझ्या पोटात आग पडायची. पुष्कळ वर्षांनी कळले, की त्या पेजेचा मला राग नव्हता. आपली आई कुठे जाणार नाही ही खात्री त्या मुलाला होती, म्हणून तो बिनदिक्कत कुरकुरू शकत होता. मला आईवर एकदाही चिडायला मिळाले नव्हते. तुझा राग बहुधा तिथलाच आहे. तो त्या मुलावर काढू नकोस.

लोक माझ्यासमोर "माय मरो, मावशी जगो" म्हणायचे. मला मावशी नव्हती. काकी होती. काकीचे माहेर कोल्हापूरकडचे. पिठोरी अमावास्येची रीत ती आमच्या फोंड्याच्या घरात घेऊन आली. खीरपुरीचे वाण डोक्यावर धरून, मुलांकडे पाठ करून आई विचारते, "अतीत कोण?" अतीत म्हणजे अतिथी. मुलाने मागून "मी" म्हणायचे आणि वाण घ्यायचे. आई गेली त्याच श्रावणात काकीने आपल्या दोन्ही मुलांना विचारले, त्यांनी वाण घेतले. मी दाराच्या चौकटीला टेकून बघत होतो. तिने ताट पुन्हा भरले, पुन्हा डोक्यावर धरले आणि तिसऱ्यांदा विचारले, "अतीत कोण?"

मला "मी" म्हणता आले नाही. म्हटले तर आईशी लबाडी होईल असे वाटले. काकी वळली नाही. ताट जड होते, तिचे दंड कापत होते, तरी ती तशीच उभी राहिली. शेवटी थोरल्या दादाने मला पुढे ढकलले आणि मी न बोलता ताट घेतले. पुढे दर वर्षी ती तीन वेळा विचारत राहिली. मी "मी" म्हणालो तो दहावीच्या वर्षी. तिला मी कधी आई म्हटले नाही, तिने ते मागितलेही नाही. पण तिच्या दंडांबद्दल मी तिच्याशी कधी बोललो नाही. ती गेली त्याला एकवीस वर्षे झाली, ती खंत अजून जात नाही. तुला आत्याने वाढवले. आत्याला काय सांगायचे ते तू मला लिहितोस. मला कशाला? तिला सांग.

दुसरे. आई गेली की लोक तिची देवी करतात. "फार सोशीक होती, देवमाणूस होती." सगळ्यांकडून हेच ऐकत वाढलो आणि तिचा चेहरा मात्र पुसट होत गेला. मग एकदा शेजारच्या म्हाताऱ्या बायला मी विचारले, आईचे काय आवडायचे नाही? ती आधी बिचकली. मग म्हणाली, पौषात धालो, बायकांची रात्रीची नाचगाणी, सुरू झाले की तुझी आई मांडावरून घरी यायचे नाव घ्यायची नाही, आवाज इतका मोठा की दुसऱ्या रांगेतल्या बायका वैतागायच्या. त्या रात्री मला पहिल्यांदा आई भेटली. तूही विचार, तुझ्या आईला ओळखणारी माणसे आहेत तोवर. तिचे भांडण कुणाशी होते, तिला काय जमत नव्हते, तेही विचार. लिहून ठेव.

आईविना वाढलेल्याला पुढे माया करता येईल का, हे तू शेवटी भीतभीत लिहिले आहेस. गायिका मोगूबाई कुर्डीकर १९०४ मध्ये गोव्यात सांग्याकडच्या कुर्डी गावात जन्मल्या. मुलीने गाण्यात नाव काढावे हा आई जयश्रीबाईंचा ध्यास. १९१४ मध्ये जयश्रीबाई गेल्या, मुलगी दहा वर्षांची. पुढे मोगूबाई अल्लादिया खाँसाहेबांकडे शिकल्या. नवरा लवकर गेल्यावर तीन मुले त्यांनी एकटीने वाढवली, आणि थोरल्या मुलीला, किशोरीताई आमोणकरांना, स्वतः गाणे शिकवले. त्या घरात शिस्त कडक होती, लाड बेताचेच. तीही मायाच. कुर्डी आज साळावली धरणाखाली आहे. मे महिन्यात पाणी उतरले की घरांची जोती उघडी पडतात, आणि उठून गेलेले गावकरी सोमेश्वराच्या देवळापाशी जमतात. येत्या मे महिन्यात माझ्याबरोबर चल.

आता त्या मुलाचे. त्याची आई पेडण्याहून मिसकूट, म्हणजे कैरीचे लोणचे, पाठवते आणि तूही ते खातोस, असे मागे लिहिले होतेस. कैऱ्या चिरून मिठात घालायच्या, वर दगड ठेवायचा, पाणी सुटेपर्यंत दिवस मोजायचे, मग मोहरी, मेथी, हिंग, तिखट, तेल. हे सगळे ऐन वैशाखात, चुलीपाशी. ती बाटली संपली की घासून उन्हात वाळव. रिकामी परत करायची नसते. आत्याच्या परसातल्या भिरंडांची, म्हणजे कोकमांची, सोले भर आणि त्याच्याच हातून त्याच्या आईला पाठव. त्यालाही तुझ्याशी बोलायला काहीतरी कारण हवे असणार.

आत्याकडची सोले संपली असतील तर कळव. माझ्याकडे यंदाची आहेत.

तुझे,
सर