मुलगा आठवड्यातून तीन दिवस क्रिकेट कोचिंगला जातो. तेवढी हालचाल पुरेशी आहे का?

तुम्ही लिहिलंय की मुलगा नऊ वर्षांचा आहे, सांगलीतच राहता, सोमवार-बुधवार-शुक्रवार दीड-दीड तास कोचिंग असतं आणि बाकी वेळ शाळा, ट्यूशन, मोबाईल. अंगानं बारीक आहे, म्हणून तशी काळजी वाटत नाही, पण संशोधन काय म्हणतं ते हवंय.

बहुतेक पुरत नसणार. पण माझ्या शब्दावर जाऊ नका. येत्या बुधवारी मैदानाच्या कडेला बसा आणि मोबाईलमधलं स्टॉपवॉच काढा. पोरगं हललं की चालू, थांबलं की बंद.

मी इथल्याच एका शाळेत २१ वर्षं पीटी शिकवते. हा उद्योग पहिल्यांदा केला तो भाच्यासाठी, विश्रामबागेकडच्या एका नेटवर. सुरुवातीला मैदानाला दोन फेऱ्या, थोडं वॉर्मअप, मग नेट. एक जण बॅटिंगला, तिघं आळीपाळीनं बॉलिंगला आणि उरलेले नऊ-दहा जण रांगेत. आमचे चिरंजीव पॅड बांधून उभे, बुटाच्या टोकानं माती उकरतायत. चांगला चार बोटं खोल खड्डा पाडला त्यानं. ९० मिनिटांनी घड्याळात १७ मिनिटं जमली होती. घर तिथून पाऊण किलोमीटर, आणि नेणं-आणणं स्कूटीवर!

यात कोचची चूक नाही. बॅट सरळ खाली कशी आणायची हे शिकवायचे पैसे तो घेतो, दमवायचे नाही. हिशेब आपला चुकतो. आपण कोचिंगचे तास मोजतो, पोराच्या हालचालीची मिनिटं नाही.

मिनिटं किती हवीत? जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली सांगितलं, ५ ते १७ वयाच्या मुलांना आठवड्याच्या सरासरीनं रोज ६० मिनिटं, तीही धाप लागेल अशी मध्यम ते जोरदार हालचाल. शिवाय आठवड्यातून किमान तीन दिवस जोरात पळापळ आणि स्नायू-हाडांवर जोर येईल असं काही: उड्या, चढणं, लोंबकळणं. सरासरी हा शब्द महत्त्वाचा, कारण मंगळवारी पाऊस लागला तर शनिवारी भरून काढता येतं. ही मिनिटं एका दमात व्हायला हवीत असंही नाही.

मुलं मैदानावर उभी का राहतात, यावर अमेरिकेत साउथ कॅरोलिनातल्या संशोधकांनी सरळ कारणं मांडली आहेत: रांगा, आऊट झाल्यावर बाहेर बसवणं, एका संघात फार मुलं, नुसते बघत बसलेले मोठे, आणि अपुरी जागा किंवा साहित्य. हे वाचल्यावर मी माझ्याच तासाला घड्याळ लावलं आणि ओशाळले. आमचा जीव की प्राण खो-खो घ्या. पाठलाग करणाऱ्या नऊपैकी आठ जण कुठल्याही क्षणी बसलेले असतात! (खो-खोवाल्यांनो, रागावू नका, मीही तुमच्यातलीच.) विषामृतात तर सगळ्यात आधी आऊट होणार तोच, ज्याला पळायची सगळ्यात जास्त गरज. आता आमच्याकडे आऊट झालेल्यानं बसायचं नाही. कुंपणाजवळच्या शेवग्याला शिवून यायचं की परत खेळात. शेवग्याची साल एका बाजूनं गुळगुळीत झालीय.

आता अशी गोष्ट, जी क्लास विकणारे सांगत नाहीत. २०१२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ३० प्रयोगांचा एकत्रित आढावा आला. मुलांची हालचाल वाढावी म्हणून आखलेले कार्यक्रम, आणि मोजमाप मुलांच्या किंवा पालकांच्या सांगण्यावर नाही, तर अंगावर बांधलेल्या यंत्रानं. फरक निघाला दिवसाला सुमारे चार मिनिटांचा. कारण काय असावं? एक शक्यता अशी, की तो कार्यक्रम नसता तर त्याच वेळात पोरं अंगणात खेळलीच असती. चार ते साडेपाच गल्लीत दंगा करणारा मुलगा चार ते साडेपाच रांगेत उभा राहिला, तर आपण पैसे देऊन हालचाल कमी केली. म्हणून कोचिंगच्या आधी त्या वेळात तो काय करायचा, हे आठवून बघा.

बारीक आहे म्हणून निर्धास्त राहू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याचा शेजारी-शेजारी फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! त्यांच्याच गटानं पुण्याजवळच्या गावांतली बाळं इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची, पण आपल्यात कमी होते ते स्नायू, चरबी तितकीशी घटलेली नव्हती. खेळायचं ते वजन उतरवायला असं आपल्या डोक्यात बसलंय, तिथेच घोळ होतो. बारीक मुलालाही स्नायू कमवायचे असतात.

घरात मुलगी असेल तर तिलाही मोजा. २०१६ पर्यंतच्या आकड्यांवरून जगभरातल्या ११ ते १७ वयाच्या मुलींपैकी ८५ टक्के या तासाभराला पोचत नाहीत, मुलगे ७८ टक्के. भारतातल्या मुली त्या मानानं बऱ्या दिसल्या, तर अभ्यासकांनी कारण दिलं घरकामाचं. म्हणजे पाणी भरणं, झाडलोट. कौतुक करावं की काय, कळेना. स्मृती मानधना याच गावात वाढली, म्हणून निदान मुलीला नेटवर पाठवायला घरचे पूर्वीइतके आढेवेढे घेत नाहीत.

तर करायचं काय? कोचिंग बंद करू नका, त्याला आवडतंय. कोचना एवढंच विचारा, की रांगेतल्या मुलांना बाजूला दोघा-दोघांत कॅच-थ्रो देता येईल का. आमच्यांनी लगेच मान्य केलं, फक्त चार जुने टेनिस बॉल द्यावे लागले. उरलेले चार दिवस संध्याकाळचा तासभर ट्यूशनपासून वाचवा आणि त्यात काही आखू नका. तिसरं, गाडी घरी ठेवा. सांगली-मिरज रस्ता ओलांडावा लागत असेल तर एकट्याला मुळीच सोडू नका, पण गल्लीबोळातून वाट असेल तर दोन-तीन पोरं मिळून जाऊ देत.

भाचा आता शेजारच्या दोघांबरोबर चालत जातो. जाताना बारा मिनिटं लागतात, येताना चाळीस. मधल्या वेळात काय होतं ते बहीण विचारत नाही, गुडघ्यावरच्या मातीवरून कळतं.