सलग दोन हंगाम हरणाऱ्या कॉलेज बास्केटबॉल कोचला काढावं का?

लगेच नको, त्याने स्वतः निवडलेली पोरं पहिल्या वर्षाला असतील तर आणखी एक हंगाम द्यावा. नवीन कोच पहिली दोनेक वर्षं आधीच्या माणसाचा संघ चालवत असतो, त्या निकालांवरून त्याला जोखणं घाईचं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचा कोच माइक शशेफ्स्की याचं रेकॉर्डच बघा: 1981-82 ला 10 विजय, 17 पराभव. पुढच्या वर्षी 11 आणि 17, शेवटचा सामना तर व्हर्जिनिया विद्यापीठाकडून 109-66 असा हरला. देणगीदार त्याच्या हकालपट्टीसाठी हटून बसले होते. पण त्या पडेल संघात जॉनी डॉकिन्स, मार्क अलारी, जे बिलस ही त्याने आणलेली पहिल्या वर्षाची मुलं होती. क्रीडासंचालक टॉम बटर्सने 1984 मध्ये उलट करार वाढवून दिला. हीच मुलं 1986 ला राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोचली, आणि शशेफ्स्की 2022 ला निवृत्त झाला तो 5 अजिंक्यपदं घेऊन.

मात्र पाळण्यात पाय दिसतच नसतील तर थांबू नये. जॉर्जटाउन विद्यापीठाने कोच पॅट्रिक युइंगला 2021-22 मध्ये बिग ईस्ट या आपल्या लीगमधले 19 पैकी 19 सामने हरूनही ठेवलं. पुढच्या हंगामात 7 विजय, 25 पराभव, आणि मार्च 2023 मध्ये नारळ द्यावाच लागला. तेव्हा त्याचं सहावं वर्ष चालू होतं, म्हणजे संघ सगळा त्याचाच.