मारामारीच्या खटल्यात दंड झालेला असताना सैन्यभरतीसाठी अर्ज करावा का, आणि ते अर्जात लिहावे का?

विसाव्या वर्षी मारामारीच्या खटल्यात गुन्हा कबूल करून तुम्ही दंड भरला आणि आता भरतीच्या कागदपत्रांत ही गोष्ट लिहिली नाही तर चालेल का, असे तुम्ही विचारले आहे. चालणार नाही. लिहूनही निवड होईलच असे नाही. पण न लिहिता झालेली निवड टिकत नाही, हे मी आमच्याच घराच्या उंबऱ्यावर पाहिले आहे.

माझा धाकटा भाऊ आणि त्याचा मित्र एका कबड्डी सामन्यानंतरच्या भांडणात सापडले. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम 323 (मारून दुखापत करणे) आणि 504 (भांडण पेटावे म्हणून अपमान करणे) खाली खटला चालला. वकिलांनी सल्ला दिला की, गुन्हा कबूल करा, दंड भरा, दुपारपर्यंत मोकळे व्हाल. आणि ते खरोखरच दुपारपर्यंत मोकळे झाले. दंड भरून सुटणे म्हणजे कायद्याच्या दृष्टीने दोषसिद्धीच, म्हणजे गुन्हा शाबीत होणेच असते, हे त्यांना कोणी सांगितले नाही. वास्तविक ही दोन्ही कलमे तडजोडीची होती. फिर्यादीने न्यायालयात तडजोड नोंदवली असती, तर तिचा परिणाम निर्दोष सुटकेचा झाला असता. तारखा वाचाव्यात म्हणून पोरांना गुन्हा कबूल करायला लावणाऱ्या वकिलांविषयी माझ्या मनात आदर उरलेला नाही.

पुढे दोघांनीही 1600 मीटरची धाव, बीमवरच्या ओढी, खड्ड्यावरची उडी, लेखी परीक्षा आणि वैद्यकीय तपासणी असे सगळे टप्पे पार केले, आणि मग पूर्वी कधी शिक्षा झाली होती का असे विचारणारा पडताळणीचा नमुना हातात आला. वडील म्हणाले, ‘‘इथवर आलेला मुलगा एका रकान्यासाठी घरी बसवू नकोस. दंडाची पावती कोण बघतो?’’ मी हट्टाने भावाला खरे लिहायला लावले आणि निकालपत्राची प्रमाणित नक्कल जोडायला लावली. त्याची निवड झाली नाही. मित्राने त्याच रकान्यात ‘नाही’ लिहिले, तो प्रशिक्षण केंद्रात दाखल झाला, आणि आमच्याच पोलीस ठाण्याचा अहवाल तिकडे पोहोचल्यावर त्याला घरी पाठवण्यात आले. यावर वडिलांचे म्हणणे आजही असे आहे की, निदान त्याच्या अंगावर वर्दी तरी चढली.

हा युक्तिवाद मला मान्य नाही, आणि तुमच्या घरी कोणी तो करत असेल तर तुम्हीही मान्य करू नका. सरपंचाचा किंवा शाळेचा चारित्र्याचा दाखला ओळखीने मिळतो. पोलीस पडताळणी ओळखीवर चालत नाही. शिवाय भरतीच्या वेळी विचारलेल्या प्रश्नाला जाणूनबुजून खोटे उत्तर देणे हा सैन्य अधिनियम, 1950 च्या कलम 44 प्रमाणे स्वतंत्र गुन्हा असून त्याला पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. म्हणजे किरकोळ हाणामारीचा डाग पुसायला जाऊन त्याहून मोठा डाग लागू शकतो. भावाच्या मित्रावर खटला झाला नाही, एवढेच त्याचे नशीब. मात्र पूर्वी कोणत्या सेवेतून काढले होते का, या प्रश्नाला त्याला आता प्रत्येक सरकारी अर्जात उत्तर द्यावे लागते, आणि भावाला ते द्यावे लागत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने अवतार सिंग विरुद्ध भारत संघ या 2016 च्या निकालात हा विषय बराच स्पष्ट केला आहे. शिक्षा, निर्दोष सुटका, अटक किंवा प्रलंबित खटला, जे विचारले असेल ते खरे सांगितले पाहिजे; तरुण वयातील किरकोळ प्रकरण दडवले गेले असेल, तर नियोक्ता ते सोडून देऊ शकतो; परंतु खरे सांगितले म्हणून नेमणूक द्यावीच, अशी सक्ती त्याच्यावर नाही. वडील यातले मधले वाक्य तेवढे उचलतात. सोडून देणे नियोक्त्याच्या विवेकावर आहे, उमेदवाराच्या हक्कात नाही, हे ते ऐकूनच घेत नाहीत. 2022 मध्ये अग्निपथ योजनेविरुद्ध जाळपोळ झाली, तेव्हा उमेदवारांकडून आपण त्यात नव्हतो असे लिहून घेतले जाईल आणि पोलीस पडताळणी होईलच, असे सैन्याने जाहीर सांगितले होते. ज्याच्या हाती शस्त्र द्यायचे त्याच्याबाबत एवढा कडकपणा मला गैर वाटत नाही. दोन वर्षांची शिक्षा भोगलेला माणूस सुटकेनंतर सहा वर्षांनी पुन्हा निवडणूक लढवू शकतो, हे मला अधिक खटकते. पण तो वेगळा विषय आहे.

आता काही अपवाद, जे खरे तर आधीच सांगायला हवे होते. घटनेच्या वेळी तुमचे वय अठराच्या आत असते, तर बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 24 प्रमाणे त्या निकालामुळे अपात्रता आली नसती. सोळा वर्षे पूर्ण केलेल्या मुलावर प्रौढ म्हणून खटला चालतो ती प्रकरणे यातून वगळली आहेत. तुम्ही विसाव्या वर्षाचे सांगता, तेव्हा हा मार्ग तुम्हाला नाही. मात्र न्यायालयाने दंडाऐवजी परिवीक्षेवर, म्हणजे चांगल्या वागणुकीच्या हमीवर, किंवा समज देऊन सोडले असेल, तर अपराधी परिवीक्षा अधिनियम, 1958 चे कलम 12 लागू होते आणि दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता टळते; तरीही विचारल्यावर माहिती द्यावी लागतेच, आणि नेमणुकीचा हक्क त्यातूनही मिळत नाही. म्हणून सर्वप्रथम निकालपत्राची प्रमाणित नक्कल काढा आणि त्यात कोणते कलम व कोणता आदेश आहे ते वाचा, कारण आपल्याला नेमके काय झाले होते हे अनेकांना माहीतच नसते. गुन्हा कबूल करून झालेल्या शिक्षेविरुद्धचे अपील सामान्यतः शिक्षेचे प्रमाण किंवा तिची कायदेशीरता एवढ्यापुरतेच चालते, त्यामुळे त्या वाटेवर फार आशा ठेवू नका.

नमुन्यात प्रश्न जसा विचारला असेल तसेच उत्तर लिहा, त्याहून कमी नको आणि स्पष्टीकरणाची पानेही नकोत. आणि ‘कोण बघतो’ असे सांगणारा घरातला माणूस कितीही वडीलधारा असला, तरी त्या नमुन्यावर सही तुमची असते.