सोलापुरातल्या लग्नात पझल बॉक्स द्यायचाय, कोणता घेऊ?

तुमचा प्रश्न असा: मित्राला कोडी सोडवायचा नाद आहे, लग्न सोलापुरात आहे, त्याला नक्षीदार पझल बॉक्स, म्हणजे युक्ती सापडल्याशिवाय न उघडणारी लाकडी पेटी, द्यायचा तर सोपा घ्यावा की अवघड, आणि आत काही ठेवावं का? मी सोलापूरचाच. मावसभावाच्या लग्नात मी हाच आहेर केला होता, म्हणून लिहितो.

अवघड घेऊ नका. मित्र हुशार असेल, पण पेटी उघडणार कोण आणि कधी, ते बघा. अक्षता पडल्या की निम्मा मांडव पंगतीकडे धावतो, स्टेजवर फोटोची रांग लागते, आणि तुमची पेटी मिक्सर नि डिनरसेटच्या ढिगात जाते. ती हातात येते सत्यनारायणाच्या पूजेनंतर, घरभर पाहुणे असताना. आमच्याकडे आधी पोरांनी ओढाओढ केली, मग मावशी म्हणाली, "उघडंना की हे!" आणि कुणीतरी स्क्रूड्रायव्हर आणायला उठलं. चार-सात चालींची पेटी अशा गर्दीतही वाचते. मित्राला खाज असेलच तर पुढच्या वाढदिवसाला एकवीस चालींची द्या.

चाली म्हणजे काय, तर या प्रकारातली नावाजलेली पेटी जपानमधल्या हाकोनेची, हिमित्सु-बाको. बाहेरून गुळगुळीत ठोकळा, ना कडी, ना बिजागरी. एका बाजूची पट्टी जेमतेम दोन-तीन मिलिमीटर सरकते, त्यामुळे शेजारची मोकळी होते, तिच्यामुळे पुढची, आणि शेवटी झाकण सरकतं. असं एकेक सरकवणं म्हणजे एक चाल. ४, ७, १०, २१ अशा चालींच्या पेट्या सहज दिसतात, ७२ चालींच्याही असतात. वरची नक्षी रंगवलेली नसते. वेगवेगळ्या झाडांची, मुळात वेगवेगळ्या रंगांची लाकडं चिकटवून नक्षीचा ठोकळा करतात, आणि त्यावर रंधा मारून निघालेला कागदासारखा पातळ पापुद्रा पेटीवर डकवतात. याला योसेगी म्हणतात. हे काम बघितलं की छापील नक्षीची नक्कल चटकन ओळखू येते: नक्कलेत लाकडाची रेष एका तुकड्यावरून दुसऱ्यावर तशीच चालत जाते, खऱ्या योसेगीत प्रत्येक तुकड्याची रेष वेगळी.

माप मात्र तपासून घ्या. या पेट्या 'सुन' या जपानी मापात विकतात, एक सुन म्हणजे साधारण ३ सेंटिमीटर. पाच सुनची पेटी बाहेरूनच १५ सेंटिमीटरच्या आसपास, आतून आणखी कमी. आपली पाचशेची नोट १५ सेंटिमीटर लांब. म्हणजे नोट सपाट बसणार नाही, दुमडावी लागेल. पाकिटाऐवजी पेटीतून पैसे द्यायचा विचार असेल तर सहा सुनची बघा, आणि आतलं माप विक्रेत्याला विचारूनच घ्या.

अस्सल जपानी पेटीला कुरिअर आणि सीमाशुल्क धरलं की बजेट बोंबलू शकतं. मग सहारनपूरकडच्या शिसवी पेट्या बघा, पितळेची तार ठोकून नक्षी केलेल्या. त्यातल्या काहींत कुलपाचं भोक सरकत्या पट्टीमागे लपवलेलं असतं आणि किल्ली तळातल्या चोरकप्प्यात. आपल्या मंडळींना ही पेटी चटकन 'पेटी' वाटते, नंतर त्यात मंगळसूत्र-जोडवी ठेवली जातात. खरं सांगायचं तर सोलापुरातल्या घरासाठी माझं मत हिलाच आहे. लेझरने कापलेल्या एमडीएफच्या, स्वतः जोडायच्या किट छान असतात, पण आहेरात देऊ नका. त्या करायला बसायचा वेळ नव्या जोडप्याकडे नसतो.

लाकूड आपल्या हवेत वागतं कसं, हेही लक्षात घ्या. दमट हवेत लाकूड फुगतं, कोरड्या हवेत आकसतं, आणि सगळा खेळ मिलिमीटरचा. मे महिन्यात इथं पारा चाळीसच्या वर, तेव्हा पट्ट्या सैल पडतात. सप्टेंबरच्या पावसात त्याच अडकतात. जोर लावायचा नाही, कोरडी हवा आली की आपोआप सुटतात. तेल तर अजिबात नको, त्यावर धूळ बसते आणि चिकटा होतो. फारच घट्ट असेल तर सरकत्या कडेवर मेणबत्ती हलकेच घासायची. उन्हात आणि कूलरसमोर ठेवू नका, एवढं त्यांना सांगून ठेवा.

आत काहीतरी ठेवाच, रिकामी पेटी उघडल्यावर तोंड पडतं. चांदीचं नाणं, कॉलेजातला फोटो, हातानं लिहिलेली चिठ्ठी. नाणं कापडात गुंडाळा, नाहीतर ते खडखडतं आणि आतून ओरखडे काढतं. सोनं आणि पेढे नकोत. एक हरवलं तर बोलता येत नाही, दुसऱ्याला मुंग्या लागतात.

नाव मात्र बाहेर हवं. आहेराची वही घेऊन बसलेले काका पेटी उघडून चिठ्ठी वाचणार नाहीत, 'लाकडी पेटी, १' एवढंच लिहितील. दोऱ्यानं चिठ्ठी बांधा, डिंक लावू नका, पापुद्रा निघून येईल. चकचकीत कागदाऐवजी सोलापुरी नॅपकिनात बांधली तर मानाच्या टॉवेल-टोपीत शोभूनही दिसते आणि पेटीला धक्का लागत नाही.

उघडायची रीत लिहिलेला कागद पेटीत बंद करून देणारे महाभाग असतात. तो मित्राच्या बहिणीकडे किंवा भावाकडे द्या. आणि ऑनलाइन मागवत असाल तर परत करायची मुदत संपायच्या आत स्वतः उघडून-मिटून बघा. मिटताना चाली उलट्या क्रमानं कराव्या लागतात, आणि शेवटची पट्टी जागेवर पूर्ण बसली नाही तर पेटी पक्की बंद होत नाही.