लीजिओनेलाची रक्तचाचणी: एका नमुन्यावर निदान होते का?

प्रश्न: माझे वडील ६४ वर्षांचे आहेत आणि त्यांना मधुमेह आहे. गेल्या महिन्यात एका लग्नासाठी ते परगावी गेले होते व तीन दिवस लॉजवर उतरले होते. सोलापूरला परतल्यावर पाचव्या दिवशी त्यांना थंडी वाजून ताप भरला, जुलाब सुरू झाले आणि ते बोलताना गोंधळू लागले. एक्स-रेमध्ये न्यूमोनिया दिसल्याने त्यांना दाखल केले. आजाराच्या सहाव्या दिवशी घेतलेले रक्त बाहेरगावच्या प्रयोगशाळेत पाठवले होते. तो अहवाल अप्पा घरी आल्यानंतर मिळाला आणि त्यात ‘लीजिओनेला न्यूमोफिला प्रतिपिंडे १:२५६’ एवढेच लिहिले आहे. एक डॉक्टर म्हणतात, आजार हाच होता. दुसरे म्हणतात, या आकड्याला अर्थ नाही. रुग्णालयात त्यांना अझिथ्रोमायसिन दिले होते व आता त्यांना बरे वाटते आहे. अहवाल पॉझिटिव्ह आहे म्हणून औषध पुन्हा सुरू करावे का? आमच्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येते आणि ते साठवावे लागते, त्यातून हे झाले असेल का? आईने त्यांचे ताट-वाटी वेगळे ठेवले आहे.
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर: आईंना आधी सांगा की अप्पांचे ताट-वाटी वेगळे ठेवण्याचे काही कारण नाही. लीजिओनेला या जीवाणूमुळे होणारा न्यूमोनिया सोबत जेवल्याने किंवा शुश्रूषा केल्याने घरच्यांना होत नाही. दूषित पाण्याचे अतिसूक्ष्म तुषार श्वासाबरोबर फुप्फुसात गेल्याने तो होतो. तसेच केवळ या अहवालावरून औषध पुन्हा सुरू करू नका. प्रतिपिंडे, म्हणजे करोनाच्या काळात घरोघरी कानावर पडलेल्या अँटीबॉडीज, जीवाणू मेल्यानंतरही रक्तात अनेक महिने राहू शकतात. त्यांचा आकडा औषधाने खाली आणायचा नसतो. अप्पांचा ताप उतरला आहे, त्यांना भूक लागते आहे आणि धाप लागत नाही, हीच बरे होण्याची खरी खूण आहे.

आता त्या १:२५६ विषयी. ही चाचणी करताना रक्तातील पेशी बाजूला काढून उरलेले पिवळसर सीरम दर टप्प्याला दुप्पट पातळ करत जातात: १:१६, १:३२, १:६४, १:१२८, १:२५६ असे. प्रत्येक टप्प्यातील थेंब लीजिओनेलाचे मृत जीवाणू चिकटवलेल्या काचपट्टीवर ठेवतात, त्यावर चमकणारे रंगद्रव्य जोडलेला दुसरा द्राव घालतात आणि काचपट्टी खास सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. सीरममध्ये प्रतिपिंडे असतील तर काळ्या पार्श्वभूमीवर जीवाणू हिरवे चमकतात. सीरम जितके पातळ करूनही ही चमक दिसते, तो शेवटचा टप्पा म्हणजे अहवालातील आकडा. यातून प्रतिपिंडे किती आहेत हे कळते. ती केव्हा तयार झाली हे मात्र कळत नाही.

तुमची अडचण नेमकी इथे आहे. या आजारात प्रतिपिंडे वाढायला बहुधा दोन-तीन आठवडे लागतात, काहींना त्याहून अधिक, आणि काही रुग्णांमध्ये ती मोजता येण्याइतकी वाढतच नाहीत. सहाव्या दिवशीच आकडा १:२५६ असेल, तर ती जुन्या, कदाचित लक्षातही न आलेल्या संसर्गाची खूण असू शकते, कारण धडधाकट माणसांपैकीही काहींच्या रक्तात एवढी प्रतिपिंडे सापडतात. दुसऱ्या एखाद्या जीवाणूविरुद्धची प्रतिपिंडेही कधीकधी या चाचणीत चमकतात. म्हणून तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांचे म्हणणे अधिक बरोबर आहे, मात्र ‘अर्थ नाही’ याऐवजी ‘अर्थ अजून अपुरा आहे’ असे मी म्हणेन.

तो पूर्ण होतो दुसऱ्या नमुन्याने. आजार सुरू झाल्यापासून तीन ते सहा आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा रक्त घ्यावे आणि दोन्ही नमुने एकाच प्रयोगशाळेत, एकाच दिवशी, शेजारी-शेजारी तपासावेत. आकडा किमान चौपट, म्हणजे दोन टप्पे वाढला (तुमच्या बाबतीत १:२५६ वरून १:१०२४), तर हा संसर्ग अलीकडचाच होता असे खात्रीने म्हणता येते. तो १:५१२ झाला तर निष्कर्ष काढू नये, कारण एका टप्प्याचा फरक तपासतानाही पडू शकतो. हा अंक छापून येईपर्यंत वेळ निघून जाऊ नये म्हणून दुसऱ्या नमुन्याची सूचना तुम्हाला आधीच कळवली आहे. तिच्यासोबत एक चौकशी अवश्य करा: पहिल्या नमुन्याचे उरलेले सीरम प्रयोगशाळेने गोठवून ठेवले आहे का? ते टाकून दिले असेल, तर दुसऱ्या अहवालाचे वजन बरेच कमी होते.

जपून ठेवलेल्या सीरमचे मोल या आजाराच्या इतिहासातच दिसते आणि मला ती हकीकत फार मोलाची वाटते. जुलै १९७६ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात एका हॉटेलात माजी सैनिकांचे अधिवेशन भरले होते. त्यानंतर अनेकांना न्यूमोनिया झाला, २९ माजी सैनिक दगावले आणि कित्येक महिने कारण सापडले नाही. जानेवारी १९७७ मध्ये जोसेफ मॅकडेड आणि चार्ल्स शेपर्ड यांनी जो जीवाणू जाहीर केला, त्याचा पुरावा रुग्णांच्या जोडनमुन्यांतच, म्हणजे आजारात आणि नंतर घेतलेल्या दोन नमुन्यांतच होता: आजारातून उठलेल्यांच्या सीरममध्ये त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे वाढलेली होती. त्यानंतर, आधीच १९६८ मध्ये मिशिगनमधील पाँटिअॅक येथे येऊन गेलेल्या तापाच्या साथीतील साठवलेले सीरम तपासले, तेव्हा त्या न उलगडलेल्या साथीमागेही हाच जीवाणू निघाला.

मात्र मागे वळून पाहण्यात ही चाचणी जितकी पक्की, तितकी ती खाटेवरच्या रुग्णासाठी उशिराची आहे. तेव्हा उपयोगी पडते ती लघवीतील प्रतिजनाची, म्हणजे खुद्द जीवाणूच्या अंशाची चाचणी. तिचा निकाल त्याच दिवशी मिळतो आणि उपचार सुरू झाल्यावरही काही दिवस, कधी काही आठवडे, ती पॉझिटिव्ह राहू शकते. म्हणून ती झाली नसेल तर आताही डॉक्टरांना विचारून पाहावी. ती मुख्यतः लीजिओनेला न्यूमोफिलाचा पहिला उपगटच ओळखते, त्यामुळे निगेटिव्ह आली तरी आजार नव्हता असे म्हणता येत नाही. अझिथ्रोमायसिनने गुण आला, हाही पुरावा नव्हे. ते न्यूमोनियाच्या इतरही जीवाणूंवर चालते. तरीही अप्पांच्या डॉक्टरांनी चाचणीची वाट न पाहता ते दिले, हे योग्यच झाले. लीजिओनेला माणसाच्या पेशींच्या आत वाढतो आणि तेथे पेनिसिलिनच्या कुळातील औषधांचा उपयोग होत नाही.

पाण्याविषयीची तुमची काळजी मी समजू शकतो. उजनीचे पाणी काही दिवसांआड येणाऱ्या आपल्या शहरात पिंप, हौद आणि गच्चीवरची काळी टाकी यांवाचून घर चालत नाही. हा जीवाणू २० ते ४५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान वाढतो, त्याला साधारण ३५ अंश सर्वांत मानवतात आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात टाकीतले पाणी सहज तेवढे तापते. तरीही साठवलेले पाणी तांब्याने घेऊन अंघोळ करण्यात धोका अल्प असतो. धोका तुषारांचा असतो, म्हणून शॉवरची जाळी काढून तिच्यावर बसलेला क्षारांचा पांढरा थर घासून काढा, घर बंद असल्यास परतल्यावर नळ काही मिनिटे वाहू द्या, टाकीच्या तळाचा गाळ काढून ती झाकलेली ठेवा आणि कूलरचे पाणी दर आठवड्याला ओतून टाकून त्याची टाकी घासा. गिझरमधील पाणी ६० अंशांवर साठवावे, पण अंगावर घेताना त्यात गार पाणी मिसळावे, नाहीतर भाजेल.

संसर्गानंतर आजार बहुधा २ ते १० दिवसांत, कधी १४ दिवसांपर्यंत दिसतो. त्यामुळे तारखा पाहता लॉज आणि घर दोन्ही संशयाच्या कक्षेत येतात आणि रक्ताची कोणतीही चाचणी त्यांतले एक निवडून देऊ शकत नाही. त्यासाठी थुंकीतून वाढवलेला जीवाणू आणि त्या ठिकाणच्या पाण्यातला जीवाणू जुळवून पाहावे लागतात. अप्पांच्या थुंकीचा नमुना तपासायला दिला होता का, हे रुग्णालयात विचारा. दुसऱ्या रक्तनमुन्याने निदान पक्के झाले, तर दोन्ही अहवालांच्या प्रती आणि राहण्याच्या तारखा त्या गावच्या आरोग्य विभागाला लेखी कळवा, म्हणजे तेथील गरम पाण्याची व्यवस्था तपासता येईल. लग्नाला आलेल्यांपैकी त्याच लॉजवर उतरलेल्या कोणाला त्या दिवसांत ताप आला होता का, हेही फोन करून विचारा.