परमिशन डिनाइड: आधी मालक पाहा, मग आकडे

लिनक्सवर 'परमिशन डिनाइड' (परवानगी नाही) दिसलं की लोक फाइलींच्या परवानग्यांचे आकडे फिरवू लागतात. याच गोंधळाचे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून काही एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : ७५५, ६४४ हे आकडे वाचायचे कसे?
वाचणे ४, लिहिणे २, चालवणे १, यांची बेरीज; पहिला आकडा मालकाचा, दुसरा ग्रुपचा, तिसरा बाकी सगळ्यांचा.

प्रश्न : फाइल ४४४ केली होती, तरी सहकाऱ्याने ती उडवली. कशी?
फाइल उडवता येते की नाही, हे ती ज्या डिरेक्टरीत (म्हणजे फोल्डरमध्ये) आहे तिच्या परवानगीवर ठरतं. तिथे लिहायची आणि शिरायची मुभा असली की पुरे. सामायिक डिरेक्टरीला स्टिकी बिट (दुसऱ्याची फाइल उडवू न देणारी खूण) लावता येतो, पण आधी ॲडमिनला विचारा.

प्रश्न : साइटवर फोटो अपलोड होत नव्हते. प्लगइन विकणाऱ्यांनी सगळ्या फोल्डरना ७७७ द्यायला सांगितलं. दिलं, चाललं. राहू द्यावं का?
मुळीच नाही, आजच काढा. त्या मशीनवरचा कोणताही युजर, आत घुसलेला कोणताही प्रोग्राम आता तुमच्या फाइली बदलू शकतो. विकणाऱ्याला तुमची तक्रार मिटवायची होती. साइट सांभाळायची तुम्हाला आहे. 'सगळे असंच करतात' हेही मला ऐकवू नका. दुखणं बहुधा मालकीत असतं: फाइली तुमच्या नावावर आणि वेब सर्व्हर चालतो दुसऱ्याच युजरच्या नावाने. फक्त अपलोडची डिरेक्टरी 'चाऊन' या मालक बदलायच्या कमांडने त्या युजरच्या नावावर करा. बाकी डिरेक्टऱ्यांना ७५५, फाइलींना ६४४. पासवर्ड असलेली कॉन्फिग फाइल याहून घट्ट ठेवा. घाईत सरसकट ६४४ मात्र देऊ नका, डिरेक्टरीचा 'एक्स' (चालवण्याचा १) गेला की आत शिरताच येत नाही. आणि हेच ७७७ कुणी रूटपासून, म्हणजे सगळ्यात वरच्या डिरेक्टरीपासून, खाली सगळीकडे दिलं, तर सुडोचा (ॲडमिनच्या अधिकाराने कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामचा) सेटयूआयडी बिट, म्हणजे मालकाच्या अधिकाराने चालायची खूण, पुसला जातो, सुडोच चालत नाही आणि दुरुस्तीचा नेहमीचा रस्ता बंद होतो. तुमच्या फाइली मधल्या काळात कुणी बदलल्या का, हे जुन्या बॅकअपशी ताडून पाहा. त्यासाठी होस्टिंगवाल्यांच्या ॲडमिनशी बोला, आणि ते पुढच्या आठवड्यावर ढकलू नका.

प्रश्न : नवी फाइल नेहमी ६४४च का होते?
उमास्क, म्हणजे नव्या फाइलीच्या परवानग्यांतून काय वगळायचं ते सांगणारा आकडा, ०२२ असल्यामुळे.

प्रश्न : एसएसएच (दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करायचा प्रोग्राम) माझी खासगी किल्ली, म्हणजे लॉगिनची गुप्त फाइल, घेत नाही, परवानग्या फार सैल आहेत म्हणतं.
बरोबर म्हणतं. ६०० करा. मशीन सामायिक असेल तर एवढ्यावर थांबू नका: किल्ली आधीच कुणी वाचली असेल, तर ६०० देऊन ती परत येत नाही. किल्ल्यांची नवी जोडी बनवा आणि जुनी सर्व्हरवरून काढायला ॲडमिनला सांगा.